पक्षी बघायला आलेला माणूस

खारवेळी, तालुका पेण
२० फेब्रुवारी १९९२

दिने,

तुझं दिवाळीतलं पत्र पोचलं होतं. उत्तराला इतके दिवस लागले, रागावू नको. आईचे गुडघे गेलेत. मी सकाळी चिखलात, दुपारी वडखळ नाक्यावर चिंबोऱ्यांची पाटी घेऊन. आज कागद घेतला, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाय.

कारखानीस शेट येतोय.

तोच, ज्याच्या मिठागरात तुझे बाबा कारकून होते आणि आमचा रघूदादा बांधाच्या उघाडीचा, पाण्याच्या दाराचा राखणदार. आता तो पुण्याला असतो, पेपरात पक्ष्यांवर लिहितो म्हणे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आठ माणसं घेऊन खाडीवरचे पक्षी बघायला येणार हाय. आमच्या शाळेत गुणाजी मास्तर म्हणून रोह्याचे नवे आलेत, त्यांना पत्र आलं. चिखलातली वाट दाखवायला कुणीतरी पाहिजे. मास्तर माझ्याकडे आले. त्या बिचाऱ्यांना जुनं काय ठाऊक? म्हणाले, "हौसाबाई, तुमच्याएवढी खाडी कुणाला म्हायती?"

मी हो म्हटलं.

तुला सगळं पाठ हाय, तरी लिहिते, लिहिलं की छातीवरचं जरा उतरतं. सर्वपित्रीची दुपार होती. घरोघरी पितरांचं पान वाढलेलं, बांधावर माणूस नाय, आणि वर अमावास्येचं उधाण. उघाडीच्या फळ्या निघाल्या, खाडी आत शिरली. कापणीला आलेलं बावीस घरांचं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. दादाला तिथंच बुडालेला काढला. पंचनाम्यात काय लिहिलं? दारू पिऊन, मासळी धरायला, ह्यानंच फळ्या काढल्या. तुझ्या बाबांनी, सामाजी काकांनी पंचांपुढं तसं सांगितलं. गावानं मानलं, कारण काका कधी खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. मी त्यांना दोष देत नाय, दिने. लांबून जसं दिसलं तसं बोलले असतील.

जमिनी खारावल्या, दोन वर्षांत शेटनंच त्या मिठाला घेतल्या. तेव्हा कुणाचं भलं झालं ते कुणी बघितलं नाय. सगळे आमच्या दारावर थुंकायला मोकळे. अठरा वर्षं आईला कुणी हळदीला बोलावलं नाय. मला कासूला दिली होती, तिथून वर्षाच्या आत परत पाठवली, गाव बुडवणाऱ्याची बहीण म्हणून.

शेटला माझं तोंड आठवणार नाय. मला त्याचं आठवतं. पाडव्याला मोठं उधाण असतं. मी काय म्हणते ते तुला कळलं असेल.

तुझी
हौसा


अशदोद
इस्रायल, ७ मार्च १९९२

हौसे,

पत्र पोचलं. इथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात मी स्वयंपाक बघते. त्या दिवशी दोनदा आमटी करपली.

मी थांबवावं म्हणून तू लिहिलं असशील तर मी थांबवणार नाही. रघू गेला तेव्हा तुझ्या गळ्यात पडून मी किती रडले ते तू विसरली नसशील. त्या माणसाला खाडीनं घ्यावं असं मीही अठरा वर्षं म्हणत आले आहे. त्याला ने. जिथं परतता येत नाही तिथं ने आणि सोडून ये. म्हातारा माणूस चिखलात रुतला, एवढंच लोक म्हणतील.

पण एक ऐक. त्याच्याशी एक शब्द बोलू नको. तू कोण ते सांगू नको, काही विचारू नको. मरायला टेकलेला माणूस जिवासाठी वाटेल त्याचं नाव घेतो, वाटेल त्याला आपल्याबरोबर ओढतो. त्याचं तोंड उघडूच देऊ नको. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

मावशींना माझा नमस्कार. हे पत्र वाचून चुलीत घाल.

दीना


खारवेळी
७ एप्रिल १९९२

दिने,

परवाचा रविवार झाला. सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सात वाजता दोन जीपगाड्या बांधावर आल्या. शेट एकाहत्तरचा असेल. टोपी, गळ्यात दुर्बीण, पायात कापडी बूट. बारीक झालाय. मला वाटलं होतं बघितल्याबरोबर अंगाची आग होईल. तसं काय झालं नाय. तो मला "बाई" म्हणाला, सगळ्यांच्या आधी मला चहा दिला थर्मासमधला.

ओहोटी होती. दीड कोसाचा चिखल उघडा पडलेला आणि त्याच्यावर पाखरंच पाखरं. शेकाटे, तुतवाऱ्या, वाकड्या लांब चोचीचे कोरल. शेट सांगत होता, हे सगळे थंडीला येतात आणि चैत्रात परत उत्तरेला जातात, आता जायच्या आधी पोटं भरून घेतायत. त्याचा आवाज गोड हाय. शहरातल्या दोन पोरी वहीत लिहून घेत होत्या. मग त्यानं दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. दिने, चाळीस वर्षं मी त्या पाखरांमधून चालले, पण कोरलाचा डोळा मी कधी बघितला नव्हता. काळा, ओला, माणसासारखा. क्षणभर मी विसरले की मी इथं कशाला आलेय. त्याचा मला अजून राग येतो.

शेटला कालवफोड्या बघायचा होता. लाल चोचीचा, कालवं फोडून खातो तो. मी म्हटलं, "तो हाय ना, पलीकडं शिंपल्यांच्या उंचवट्यावर बसतो. पण चिखल एकाच माणसाला पेलतो. तुमी चला, बाकीच्यांना बांधावर राहूद्या." तो पोरासारखा खूष झाला. मी त्याचा हात धरून नेला. पाऊण तास लागला. कालवफोडे खरंच होते, अकरा. त्यानं मोजले. मी पाणी बघत होते. आपल्याकडं भरती पुढून येत नाय, पाठच्या ओहळातून येते, तुला ठाऊक हाय. परतीची वाट पहिली बुडते.

तो बघत असताना मी म्हटलं, "शेट, रघू आठवतो का? उघाडीवरचा?"

त्यानं दुर्बीण खाली घेतली नाय. म्हणाला, "कोण रघू?"

"सर्वपित्रीला बुडाला तो. मी त्याची बहीण."

आता दुर्बीण खाली आली. त्यानं पाठी बघितलं. ओहळ भरला होता.

तू शपथ घातली होतीस, मी मोडली. न बोलता मारणं मला जमलं नसतं. त्याला कळल्याशिवाय तो मेला असता तर मला काय मिळालं असतं? पहिल्यांदा म्हणाला, पंचनाम्यात हाय तेच खरं. पाणी गुडघ्याला आलं. मग म्हणाला, झालं ते झालं, मी म्हातारा माणूस, घरी बायको आजारी हाय. पाणी मांडीला आलं. तेव्हा तो ओरडला,

"मी नाही काढल्या फळ्या! मी फक्त सांगितलं! सामाजीनं काढल्या!"

मी म्हटलं, "खोटं."

"त्यानंच काढल्या. तुझा भाऊ अडवायला धावत आला. पाण्यात पडला. फळ्या ओढायचा दोर सामाजीच्या हातात होता, बाई. दोर हातात धरून तो पळाला. आणि माझ्याकडे येऊन रडला. मीच मग पंचनाम्यात काय सांगायचं ते शिकवलं, त्याची परदेशाची कागदं मीच करून दिली."

मी वळले आणि चालू लागले. त्याला तिथंच ठेवून. वाट माझ्या पायाला ठाऊक हाय, पाणी कमरेला असलं तरी. तो हाका मारत होता, बांधावरची माणसं ओरडत होती. वीस पावलं गेले. मग मनात आलं, हा मेला तर सांगणार कोण? तेवढ्यासाठी परत गेले. दया म्हणून नाय, हे तू नीट वाच. त्याची मानगूट धरून, ओढत, पाणी पाजत बांधावर आणला. म्हटलं, "आता बोल सगळ्यांपुढं."

आणि तो काय बोलला? "ह्या बाईनं मला बुडवायला नेलं होतं. वेडी आहे ही."

त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. काल त्यानं माझ्यावर तक्रार दिलीय. आता तो बोलणार नाय, आणि मी बोलले तर कोण ऐकतंय, गाव बुडवणाऱ्याची बहीण.

दिने, सामाजी काकांचं तो बोलला ते खोटं हाय ना? तू तेवढं लिही. तू लिहिलंस की मी मानीन.

हौसा


अशदोद
२२ एप्रिल १९९२

हौसे,

मी तुला सांगितलं होतं, त्याला बोलू देऊ नको. बघ, मेलेल्या माणसाचं नाव घेतलं त्यानं. जो उत्तर द्यायला येऊ शकत नाही त्याचं.

बाबा तसे होते का? तुला आणि मावशींना आमच्या सणाला घरी बोलावून पहिलं ताट तुमचं वाढणारा माणूस. रघूला वाचायला त्यांनीच शिकवलं. फळ्या शेटच्याच कुणा गड्यानं काढल्या असतील. बाबांनी पंचनाम्यावर सही केली हे खरं, पण त्यांना दिसायचं कमी. वर काय लिहिलंय ते न वाचता केली असेल. शेटच्या नोकरीतला माणूस काय करणार?

तक्रारीची काळजी वाटते. वकिलाला लागेल ते मी इथून पाठवते. मला एवढंच करता येईल. जुनं उकरून काढून रघू परत येणार नाही, हौसे.

दीना


खारवेळी
५ मे १९९२

दिने,

सामाजी काका साठाव्या वर्षी चष्म्याशिवाय पेपर वाचायचे. मोडीतले कागदसुद्धा. पावसाळ्यात ओसरीत बसून सुईत दोरा तुझी आई त्यांच्याकडून ओवून घ्यायची. आपण दोघी बघत होतो.

तुला ठाऊक होतं.

"बोलू नको, विचारू नको, तोंड उघडू देऊ नको." मला वाटलं होतं, तुझ्या पोटात माझ्याएवढी आग हाय. चार वेळा वाचलं तेव्हा कळलं. माझ्या हातानं तुला साक्षीदार बुडवायचा होता.

वकिलाचं काय पाठवू नको. मला एक कागद पाहिजे. त्या दिवशी काय झालं ते तुझ्या हातानं, तुझ्या बापाचं नाव घालून, तिथल्या कचेरीचा शिक्का मारून. आई ब्याऐंशीची हाय. तिच्या कानावर पडलं पाहिजे आणि गावाच्याही. नाय पाठवलास तर माझ्या लेखी तू आणि शेट एकाच गाडीतून आलेली माणसं.

मी वाट बघणार. फार दिवस बघणार नाय.

हौसा


अशदोद
२० मे १९९२

हौसा,

कागद सोबत आहे. शिक्का मारला आहे. काय लिहिलंय ते इथंही लिहिते, कारण तुला शिक्क्याच्या आधी माझ्याकडून कळायला हवं.

सर्वपित्रीला दुपारी बाबा घरी आले तेव्हा त्यांचा लेंगा मांडीपर्यंत चिखलानं भरलेला होता. उजव्या हातात दोर होता. ते आंघोळीला गेले नाहीत, भिंतीशी बसून राहिले. म्हणाले, "दिने, हे धू. आणि कुणाला सांगू नको." मी धुतला. दोर तेवढ्यात आईनं चुलीत घातला. तासाभरानं रघूची बातमी आली आणि मी तुझ्या घरी धावले. तुझ्या गळ्यात पडले तेव्हा माझ्या नखांत तो चिखल होता, हौसे. मी रडले ते खोटं नव्हतं. पण मी रघूसाठी रडत होते की मला आधीच कळलं होतं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी पुढं नऊ वर्षांनी, इथल्या इस्पितळात, तोंडानं सांगितलं. शेटच्या सांगण्यावरून फळ्या त्यांनी काढल्या. थोडं पाणी जाईल, एक पीक जाईल, एवढंच होईल असं त्यांना वाटलं होतं. रघू दारू प्यायलेला नव्हता. तो ओरडत आला, "काका, काय करताय?" त्यानं फळी परत बसवायला पाण्यात हात घातला आणि धारेनं ओढला गेला. बाबांनी त्याच्याकडे दोर टाकला नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. तोंड भिंतीकडे वळवून ते झोपले आणि तिसऱ्या दिवशी गेले.

हे सगळं कागदात आहे. शेटचं नाव आणि सामाजी हे नावही.

माझा भाऊ निसीम कागद करताना शेवटपर्यंत अडवत होता. मेलेल्या बापाला चव्हाट्यावर नेलंस, म्हणाला. त्यानं घरी येणं बंद केलंय, त्याची पोरंसुद्धा फोन उचलत नाहीत. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. माझंही काही तुटावं असं तुला वाटत असेल तर ते तुटलं आहे, एवढंच.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

दीना


खारवेळी
१० जुलै १९९२

दीनास,

कागद एक जूनला पोचला. मास्तरांनी आधी एकट्यानं वाचला, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

त्याच्या पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळापुढं गाव जमवलं. मी आईला पाठुंगळीला मारून नेली. तिला पारासमोर पुढच्या रांगेत बसवली, जिथं अठरा वर्षं ती बसली नव्हती. मास्तरांनी सगळा कागद वाचला, शिक्क्यावरच्या अक्षरांसकट. "रघू दारू प्यायलेला नव्हता" तिथं आले तेव्हा आई म्हणाली, "परत वाच." त्यांनी परत वाचलं. ती म्हणाली, "अजून एकदा, मोठ्यानं. त्या काळुरामाला कमी ऐकू येतं." तीन वेळा वाचलं.

बायका पदर तोंडाला लावून उठल्या. गोदूबाई, जिनं माझा संसार मोडावा म्हणून कासूला जाऊन सांगितलं होतं, ती उठताना पडली. मी उचलली नाय.

शेटचं सांगते. मास्तरांनी कागदाची नक्कल त्याच्या पुण्याच्या पक्षीवाल्यांना आणि पेपराला पाठवली. त्या दोन पोरींनी लिहून पाठवलं की परतताना गाडीत तो माणूस "मी फक्त सांगितलं, सामाजीनं काढल्या" असं बरळत होता ते त्यांनी ऐकलंय, हव्या त्या कचेरीत येऊन सांगतील. आठ दिवसांत त्यानं तक्रार मागं घेतली. पेपरातलं त्याचं लिखाण बंद झालं. मग त्याच्या जावयाचा माणूस आला. म्हणाला, शेटला हात जोडून भेटायचंय, कुठं भेटू? मी म्हटलं, "अमावास्येला भेटू म्हणावं. दुपारी. ओहळाच्या पलीकडं." माणूस परत आला नाय. शेट आता घराबाहेर पडत नाय असं कळतं. बरं हाय. आमची आईपण अठरा वर्षं पडली नव्हती.

मंगळवारी सकाळी काळुराम आणि चार जाणते दाराशी आले. नारळ, साडी, खण. काळुराम म्हणजे ज्यानं दादाच्या तिरडीला खांदा द्यायला पहिला नकार दिला होता तो. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "धोंडूमावशे, चूक झाली गावाची. श्रावणात सप्ताह हाय, पहिला मान तुझा. पदरात घे."

आई खाटेवर होती. म्हणाली, "जवळ ये." तो आत आला. तिनं नारळ हातात घेतला, हलवून बघितला, कानाशी नेला. मला वाटलं, आता रडेल. तिनं तो परत त्याच्या हातात ठेवला.

"माजा पोर गेला तवा तुमी कुठं होतात? सामाजी एक बोलला, तो परका व्हता. तुमी घरचे. रघूला अंगाखांद्यावर खेळवलात तुमी. एकानं तरी म्हणायचं व्हतं, रघू असा नाय. एकानं! न्या हे. सप्त्याला मी येनार नाय. आनी मी मेले तर मला खांदा द्यायला यायचं नाय. माजी हौसा आणि मास्तर, दोगं नेतील. नाय नेता आलं तर खाडीत टाकतील."

काळुराम उभ्यानं रडला. आई म्हणाली, "रडायचं तर भायेर."

ते गेले. मी दार लावून घेतलं. सांगू का, दिने, अठरा वर्षांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. हे बरं नाय हे कळतं मला. पण वाटलं ते वाटलं.

मग आई म्हणाली, "तो कागद लिवनारी, सामाजीचीच पोर ना? आपल्या ताटात जेवायची ती?"

मी म्हटलं, "व्हय, तीच."

मला वाटलं, तुझ्यासाठी शिवी तरी येईल, नायतर आशीर्वाद. दोन्हींतलं काहीही आलं असतं तरी मी तसंच्या तसं लिहिलं असतं.

आई म्हणाली, "तिला लिव, कागद पोचला. दुसरं काय लिवू नको."

मी मात्र तिला न सांगता एवढं लिहिलं. आता ह्यापुढं तिचं ऐकते.

कागद पोचला.

हौसा